रेड हॅटची वर्गणी : मोफत कोडसाठी पैसे कशाचे?

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची वर्गणी भरणाऱ्या संस्थेला जी संगणक कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) मिळते, तिचा बहुतेक सगळा कोड मूळ ओपन सोर्स, म्हणजे खुल्या कोडच्या, प्रकल्पांकडून कोणालाही विनामूल्य घेता येतो. तरीही १९९३ मध्ये सुरू झालेल्या रेड हॅट या कंपनीने २०१२ च्या आर्थिक वर्षात एक अब्ज डॉलर महसुलाचा टप्पा ओलांडला आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. तेव्हा ही वर्गणी नेमकी कशाची, हे आधी पाहायला हवे.

माझ्या मते ती जुन्या आवृत्तीची जबाबदारी वर्षानुवर्षे वाहण्याची आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक करणाऱ्या सॉफ्टवेअरमधला ‘हार्टब्लीड’ हा सुरक्षेचा दोष उघड झाला, तेव्हा मूळ प्रकल्पाने १.०.१जी ही नवी आवृत्ती काढली; रेड हॅटने मात्र आपल्या सहाव्या आवृत्तीतली १.०.१ई तशीच ठेवून तिच्यात तेवढी एक दुरुस्ती आणून बसवली. यालाच ‘बॅकपोर्ट’ म्हणतात. (केवळ आवृत्तीचा क्रमांक पाहून सर्व्हर असुरक्षित ठरवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.) दोष निघून जातो आणि त्या आवृत्तीवर बेतलेले बाकीचे काहीच हलत नाही. नवी सुविधा लिहायला उत्साही स्वयंसेवक मिळतात, पण आठ वर्षांपूर्वीच्या कोडची अशी चिकाटीने डागडुजी करायला सहसा कोणी पुढे येत नाही. आठव्या आणि नवव्या आवृत्तीला मिळणारी दहा वर्षांची देखभाल म्हणूनच मला या उत्पादनाचा खरा गाभा वाटते, आणि त्या कामाला मी पूर्ण गुण देतो.

विश्वासाच्या बाबतीत मात्र मी गुण कापतो. सेंटओएस लिनक्स ही रेड हॅटच्याच कोडवरून बांधलेली मोफत प्रणाली; तिच्या आठव्या आवृत्तीची देखभाल २०२९ पर्यंत अपेक्षित असताना ती २०२१ च्या अखेरीस थांबेल, असे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. त्यातूनच रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स हे तिचे मोफत पर्याय उभे राहिले. पुढे जून २०२३ मध्ये रेड हॅटच्या मूळ कोडचे सार्वजनिक प्रकाशन सेंटओएस स्ट्रीमपुरतेच, म्हणजे पुढच्या उप-आवृत्तीची घडण जिच्यात आधी दिसते त्या प्रणालीपुरतेच, ठेवले गेले. पैसे न देणारा वापरकर्ता म्हणजे बुडालेले उत्पन्न, असे यामागचे गणित असेल तर ते मला पटत नाही, कारण हाच माणूस घरी मोफत प्रणालीवर शिकतो, तिच्यातले दोष कळवतो आणि उद्या नोकरीच्या ठिकाणी तिचीच शिफारस करतो. ओपन सोर्स कंपनीला विक्रेत्यांच्या फौजेपेक्षा अशा माणसांचा आधार मोठा असतो.

एकट्या विकासकाला १६ यंत्रांपर्यंत विनामूल्य वर्गणी मिळते. शिकण्यासाठी ती पुरेशी आहे. दर दोन-तीन वर्षांनी आवृत्ती बदलण्याची तयारी आणि तशी जाणकार माणसे ज्या संस्थेत आहेत, तिचे काम डेबियन या मोफत लिनक्सवर उत्तम चालेल. मात्र एखादे महत्त्वाचे सॉफ्टवेअर रेड हॅटच्या ठरावीक आवृत्तीवरच प्रमाणित असेल आणि ते अनेक वर्षे न हलवता चालवायचे असेल, तर ही वर्गणी बिनदिक्कत घ्यावी.