स्वतःचं पुस्तक काढायला गेले आणि १,००,४४९ रुपये आणि कॉपीराइट दोन्ही घालवून बसले

आधी हिशोब देते, कारण घरात अजून कोणाला पूर्ण आकडा सांगितलेला नाही. पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या कंपनीचं पॅकेज ३४,९९९, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४१,२९९. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, २,५००. कॉपीराइट रजिस्ट्रेशनचे ७,५००. 'लीगल चेकिंग'चे ६,०००. माझंच पुस्तक १४५ रुपयाला एक अशा ७० प्रती त्यांच्याकडून विकत घेतल्या त्याचे १०,१५०. नंतर कव्हरवरच्या फोटोच्या मालकाला २५,००० आणि वकिलांना ८,०००. झाले १,००,४४९. आणि रॉयल्टी म्हणून आजपर्यंत हातात आले ६१२ रुपये.

मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते. रिटायर झाल्यावर त्या दिवसांच्या आठवणी वहीत लिहिल्या, मुलीने टाइप करून दिल्या. दोन प्रकाशकांकडे पाठवल्या, एकाचं उत्तर आलं नाही, दुसरे म्हणाले दीड वर्ष थांबा. मग मोबाइलवर ती जाहिरात दिसली, 'लेखक व्हा, ४५ दिवसांत'. हे लोक पुढे कसे फोन करतात, डिस्काउंट आजच संपतंय म्हणतात, ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. फक्त एवढंच सांगते की कंपनीतून फोन करणाऱ्या मुलीने पहिल्या फोनपासून मला 'सिस्टर' म्हणायला सुरुवात केली, मी नर्स होते हे मीच सांगितलं होतं, आणि वॉर्डात आयुष्यभर तीच हाक ऐकलेली, त्यामुळे मन लगेच मऊ झालं. कुणी म्हणेल बाई भोळी होती. भोळी नव्हते हो. इंजेक्शनच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचल्याशिवाय, एक्सपायरी बघितल्याशिवाय मी ३१ वर्षांत एकदाही सिरिंज भरली नाही. आणि इथे नऊ पानांचा करार मी फोनवर बोलता बोलता सही करून दिला, कारण ती म्हणाली "सिस्टर, ही फॉरमॅलिटी आहे, सगळे लेखक करतात, आज पाठवलात तर स्लॉट मिळेल."

करार इंग्रजीत होता. पुस्तक मराठी, लेखिका मराठी, करार इंग्रजी. ही पहिली खूण होती.

पण खरी खूण पुढे होती आणि ती आठवली की अजून रात्री झोप उडते. छपाईआधी त्यांनी प्रूफ पाठवलं. मी त्याची प्रिंट काढली, लाल पेन घेऊन बसले, तीन दिवस एकेक ओळ वाचली. आतल्या दुसऱ्या पानावर, जिथे प्रकाशक, मुद्रक वगैरे असतं, तिथे 'पहिली आवृत्ति' असं छापलेलं होतं, शेवटची वेलांटी ऱ्हस्व. मी लगेच लाल पेनाने दीर्घ केली. त्याच्या बरोबर खालच्या ओळीत वर्तुळातला सी, म्हणजे कॉपीराइटचं चिन्ह, साल, आणि पुढे त्यांच्या कंपनीचं नाव. माझं नाही. मी ती ओळ वाचली. वाचली नाही असं खोटं सांगणार नाही, वाचली आणि मला वाटलं असंच असत असेल, प्रकाशकाचं नाव लिहायची पद्धत असेल. त्या ओळीच्या वर माझ्या लाल शाईची खूण आहे आणि त्या ओळीवर काही नाही. एक बोटाचं अंतर आहे दोन्हींत. तेव्हा एक फोन केला असता, 'इथे माझं नाव का नाही' एवढं विचारलं असतं, तर पुस्तक छपाईला जायच्या आत सगळं थांबलं असतं.

आता जे नंतर वकिलांकडून आणि स्वतः कायदा वाचून कळलं ते. आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. लिहिलं की कॉपीराइट आपोआप लेखकाचा, रजिस्ट्रेशन केलं नाही तरी. तो दुसऱ्याकडे जायचा तर लेखी आणि तुमच्या सहीनेच जातो. म्हणजे चोरीला जात नाही, आपण देतो तेव्हाच जातो, आणि मी दिला. कायद्याने लेखकाची बाजू बरीच सांभाळलेली आहे, कलम १९ बघा, करारात मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं धरायची, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत धरायचा, हक्क घेणाऱ्याने वर्षभरात वापरले नाहीत तर ते संपतात. पण हे सगळं 'करारात वेगळं लिहिलं नसेल तर' असं आहे. आणि या लोकांना ते पाठ आहे, म्हणून माझ्या करारात मुदत 'कायमस्वरूपी', प्रदेश 'संपूर्ण जग', आणि वापर केला नाही तरी हक्क परत जाणार नाहीत, हे तिन्ही एकाच परिच्छेदात टाकलेलं. आपल्या संरक्षणाची दारं त्यांनी मोजून एकेक करून बंद केली होती. म्हणून ज्यांच्यासमोर असा कागद आहे त्यांनी आधी या तीन गोष्टी शोधा. छापण्याची परवानगी द्या, दोन वर्षांची, तीन वर्षांची, एवढ्याच प्रतींची. मालकी देऊ नका. करारात 'असाइन', म्हणजे मालकी दुसऱ्याच्या नावे करणं, दिसलं की पेन खाली ठेवा.

आयएसबीएनचे २,५०० घेतले ना माझ्याकडून, तो आकडा आपल्या देशात फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी देते, शिक्षण मंत्रालयाखाली आहे, लेखक स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करू शकतो. आणि कंपनीच्या नावाने घेतला की रेकॉर्डला प्रकाशक ते, उद्या तुम्ही तेच पुस्तक स्वतः काढलं तर तो नंबर वापरता येत नाही, नवीन घ्यावा लागतो.

कॉपीराइट रजिस्ट्रेशनचं तर ऐकून संताप येईल. पुस्तकासाठी सरकारी फी ५०० रुपये आहे. पाचशे. माझ्याकडून साडेसात हजार घेतले आणि व्हॉट्सअॅपवर एक डायरी नंबर पाठवला, म्हणाले झालं तुमचं. डायरी नंबर म्हणजे फक्त अर्ज पोचल्याची पावती. पुढे निदान तीस दिवस हरकतीसाठी थांबतात, मग तपासणी, मग सर्टिफिकेट. मी आठ महिन्यांनी त्या नंबरवरून स्टेटस बघितलं, अर्जदार कोण, तर कंपनी. आणि लेखकाची ना हरकत लागते तीही जोडलेली, माझ्या सहीची, कराराच्या गठ्ठ्यात शेवटचं पान म्हणून घेतलेली. माझ्याच पैशांनी माझं पुस्तक त्यांच्या नावावर चढवायचा अर्ज केला होता.

६,००० चं लीगल चेकिंग म्हणजे एक रंगीत सर्टिफिकेट आलं, 'हस्तलिखित तपासले, आक्षेपार्ह काही नाही'. कोणी वाचलंच नव्हतं. वाचलं असतं तर तीन गोष्टी दिसल्या असत्या. एक, प्रकरणांच्या सुरुवातीला मी एका दिवंगत कवींच्या ओळी घेतल्या होत्या. मी स्वतः विचारलं होतं, चालेल का, तर म्हणाले "चार ओळींपर्यंत चालतं सिस्टर." असा ओळींचा नियम कायद्यात कुठेही नाही. समीक्षेसाठी, परीक्षणासाठी उतारा घेणं वेगळं आणि प्रकरण सजवायला घेणं वेगळं, आणि कवी गेल्यावरही ६० वर्षं हक्क त्यांच्या वारसांकडे असतो. नंतर मीच त्यांच्या मुलीला एक पानाचं पत्र लिहिलं, माफी मागून. दहा दिवसांत लेखी परवानगी आली, एक रुपया न घेता, वर तब्येतीची चौकशी. हे पत्र मी आधी लिहू शकले असते.

दोन, एका डॉक्टरांचा प्रसंग मी आडनाव बदलून लिहिला होता, पण गाव, साल आणि दवाखाना तसाच ठेवला, त्यामुळे तिथल्या प्रत्येकाने ओळखलं. त्यांच्या मुलाचा फोन आला, अब्रुनुकसानीची भाषा. आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. त्यांना जाऊन भेटले, तोंडी मिटलं, पण ते माझ्या केसालाही धक्का लावू शकत नव्हते असं नाही. नुसतं नाव बदलून भागत नाही, माणूस ओळखू येतोय का ते बघा. आणि पेशंटबद्दल लिहिताना तर दहादा बघा, हे मी नर्स असून सांगतेय.

तीन, कव्हर. बाळाच्या मुठीत धरलेलं बोट, फार सुंदर फोटो, मी बघून रडले होते. पुस्तक आल्यावर आठ महिन्यांनी फोटोग्राफरची नोटीस आली, ७५,००० ची मागणी. कंपनीने तो इंटरनेटवरून उचलला होता. मी कंपनीला फोन केला तर आधी चार दिवस कोणी उचलला नाही, मग ईमेल, 'कृपया करारातील कलम १४ पाहावे'. कलम १४ म्हणजे पुस्तकातल्या कुठल्याही मजकुराबद्दल किंवा चित्राबद्दल दावा झाला तर सगळी जबाबदारी लेखकाची, कंपनीला होणारा खर्चही लेखकाने भरायचा. हक्क त्यांचे आणि भुर्दंड माझा! कव्हर त्यांनी केलं, पैसे घेऊन केलं, आणि नोटिशीला उत्तर मी द्यायचं. तो फोटोग्राफर भला निघाला, माझी अवस्था ऐकून २५,००० वर मिटवलं, लेखी घेतलं दोघांनी. त्याच्यावर माझा राग नाही, त्याचीही वस्तू चोरलीच होती. कव्हरच्या प्रत्येक फोटोचा परवाना कागदावर मागा, 'आमच्याकडे आहे' हे उत्तर घेऊ नका.

आता सरकारी दारांचं. पोलीस ठाण्यात गेले, सगळ्या पावत्या, स्क्रीनशॉट, करार फाइलला लावून. ड्यूटीवरच्या साहेबांनी फाइल उघडलीच नाही. "मॅडम, सही तुमचीच आहे ना? मग हे सिव्हिल मॅटर, कोर्टात जा." मी म्हटलं फोटो चोरलाय, माझ्या नावाने खोटं सर्टिफिकेट दिलंय. तर म्हणे फोटो तुमचा आहे का? नाही ना, मग ज्याचा आहे त्याने तक्रार द्यावी. दुसऱ्यांदा मुलगा बरोबर आला तेव्हा निदान खुर्ची मिळाली, बाईमाणूस एकटी गेली की खुर्चीही नाही, आणि सल्ला काय, तर सायबरला जा. सायबरवाले म्हणाले तुम्ही स्वतः ट्रान्सफर केलंत, कंपनीचा पत्ता आहे, जीएसटी नंबर आहे, हे सायबर कसं होईल, ठाण्यात जा. पाच हेलपाटे. पाचव्यांदा एक अर्ज घेतला आणि पोच मागितली तर शिक्का मारायला माणूस जेवायला गेलेला, सव्वा तास बाकावर बसून होते. एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, महिन्याने मेसेज, 'कंपनीने करारानुसार सेवा दिल्याचे कळवले आहे, तक्रार बंद'. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यालाच विचारायचं आणि त्याने नाही म्हटलं की बंद करायचं, मग आम्ही फोन कशाला करायचा? एकानेही, खरंच एकानेही, तो करार हातात घेऊन वाचला नाही. सगळ्यांचं एकच, 'पुस्तकासाठी एवढं कशाला मनाला लावून घेता'. माझी तीस वर्षं आहेत त्यात. सोन्याची चेन गेली असती तर असं म्हणाले असते का?

करारात लिहिलंय की कुठलाही वाद दिल्लीतच चालेल. त्याला घाबरून मी चार महिने गप्प बसले, ती माझी दुसरी चूक. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, पण मुदत दोनच वर्षं. दिवस मोजा. मी मुदत संपायला सात आठवडे असताना दाखल केली. आता कंपनीचा वकील म्हणतोय की ही बाई विक्रीसाठी पुस्तक काढत होती, म्हणजे व्यावसायिक, ग्राहकच नाही. ६१२ रुपयांची व्यावसायिक.

त्या ६१२ चंही सांगते, करारात 'निव्वळ नफ्याच्या ५० टक्के' होतं आणि निव्वळ म्हणजे त्यांचा सगळा खर्च वजा जाता, खर्चाचा आकडा तेच ठरवणार. छापील किमतीवर टक्केवारी लिहून घ्या, आणि विक्रीचा हिशोब दर तीन महिन्यांनी.

वकिलांनी सांगितलं एक गोष्ट तुमच्याकडून कोणी काढून घेऊ शकलेलं नाही, कलम ५७, हक्क दिले तरी लेखिका म्हणून नाव तुमचंच राहतं आणि मजकुराची मोडतोड केली तर आक्षेप घेता येतो. त्याने थोडं बरं वाटलं, थोडंच.

आयोगापुढे कागद जोडताना ते प्रूफचं पानही निघालं. वकील म्हणाले हे नका जोडू, तुम्ही पान वाचलं होतं हेच त्यातून सिद्ध होतं. खरं आहे त्यांचं. पण आयोगाने मागितलं तर लपवणार नाही असं मी सांगून ठेवलंय. पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. पुस्तक अजून ऑनलाइन विकलं जातंय, त्याच कव्हरसकट, फोटोग्राफरला मी तेही कळवलंय, आणि दुसरी वही मी सध्या हातानेच लिहितेय.