हरित लवाद की मानवी हक्क आयोग?
कारखान्याच्या सांडपाण्याने विहीर नासली, तर दाद कुठे मागायची, असं एका मैत्रिणीने विचारलं. पर्याय दोन: पर्यावरणाचे खटले चालवणारा हरित लवाद, किंवा हक्कभंगाच्या तक्रारी ऐकणारा मानवी हक्क आयोग.

खर्चात आयोग सोपा: तक्रारीला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. लवादात साध्या अर्जाला 1000 रुपये, भरपाई मागितल्यास रकमेच्या 1 टक्का, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफी. मुदत मात्र जपा. आयोगाकडे 1 वर्ष, लवादात 6 महिने, भरपाईसाठी 5 वर्षे.

खरा फरक आदेशाच्या वजनात आहे. 2010च्या कायद्याने लवादाचा आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा (अंतिम निकालासारखा) सक्तीने अमलात आणता येतो. 1993च्या कायद्याखालचा आयोग शिफारसच करतो, आणि याची मला खंत वाटते.

प्रदूषण थांबवायचं, भरपाई हवी, तर लवादाचं पुणे खंडपीठ गाठा. आवाज उठवणाऱ्यांना पोलिसांनी बेकायदा डांबलं, तर आयोग.