जुने फोर-एटी-सिक्स जपावे की लॅपटॉपवर डॉसबॉक्स घ्यावे?

साठी ओलांडलेल्या आणि १९९० च्या दशकात संगणकावरील खेळांची गोडी लागलेल्या माझ्या परिचयाच्या तीन-चार जणांनी अलीकडे मला एकच प्रश्न विचारला आहे: माळ्यावरचा जुना संगणक दुरुस्त करून घ्यावा, की लॅपटॉपवर डॉसबॉक्स (जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम) घालून तेच खेळ खेळावेत? या दोन्ही वाटांनी मी गेलो आहे. निवृत्तीनंतर, म्हणजे २०१७ पासून, गोव्यातल्या डिचोलीच्या घरात जवळजवळ पाच वर्षे एक फोर-एटी-सिक्स (४८६ प्रोसेसरचा जुना संगणक) आणि त्याचा चौदा इंची काचेचा मॉनिटर मी चालता ठेवला, आणि २०२२ पासून डॉसबॉक्स वापरतो आहे. माझ्याजवळ मोजमापाची साधने नाहीत. जे लिहितो आहे ते हातांना आणि डोळ्यांना जाणवलेले आहे, आणि ज्यांचा अनुभव वेगळा असेल त्यांचे म्हणणेही खरे असू शकते.

माझ्या आवडीचा आणि पावसाळ्याचा संबंध जुना आहे. मी एका खनिज कंपनीच्या हिशेब विभागात होतो. जून लागला की मांडवीतून मुरगावकडे जाणाऱ्या बार्जांची ये-जा थंडावे, खनिजाची बिले कमी होत आणि संध्याकाळी कार्यालयातला संगणक मोकळा सापडे. बाहेर कौलांवर पाऊस कोसळत असताना एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मुंबईहून आणलेला प्रिन्स ऑफ पर्शिया आम्ही पहिल्यांदा पाहिला. जॉर्डन मेकनर यांनी हा खेळ १९८९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी तयार केला आणि पुढच्या वर्षी तो डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या पीसी-प्रणालीवर, आला. धावण्या-उडी मारण्यासाठी मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाचे चित्रीकरण केले होते आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल रेखाटली होती. आम्हाला त्या वेळी हे ठाऊक नव्हते, पण पडद्यावरचे ते माणूस खरे वजन घेऊन पळते, कड्याला लोंबकळताना त्याचे खांदे ताणले जातात, हे आम्ही सगळेच एकमेकांना दाखवत होतो. राजकन्येला सोडवायला साठ मिनिटे असतात; त्या साठ मिनिटांसाठी मी कित्येकदा शेवटची बस सोडली आहे.

म्हणून माझ्या दृष्टीने या तुलनेची पहिली कसोटी हा एकच खेळ आहे, आणि त्या कसोटीवर जुने यंत्र बऱ्याच बाबतींत सरस ठरते हे मान्य केले पाहिजे. तलवारबाजीत शिफ्टच्या बटणाने वार करायचा आणि वरच्या बाणाने समोरच्याचा वार अडवायचा असतो. काचेच्या मॉनिटरवर बटण दाबल्याक्षणी तलवार उठते. लॅपटॉपवर ती किंचित मागून येते असे मला पहिले काही दिवस वाटत राहिले, आणि लॅपटॉप बैठकीच्या खोलीतल्या मोठ्या टीव्हीला जोडला तेव्हा तर पहिल्याच पहारेकऱ्याने मला दोनदा मारले. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू केल्यावर हा उशीर पुष्कळ कमी झाला. डूम या गोळीबाराच्या खेळाच्या बाबतीत फरक वेगळ्या कारणाने दिसतो. तो खेळ सेकंदाला ३५ चित्रे दाखवतो, आणि जुने मॉनिटर त्या खेळांच्या पडद्यासाठी सेकंदाला ७० वेळा चित्र उमटवत असत, म्हणजे बरोबर दुप्पट. सामान्य लॅपटॉपचा पडदा ते ६० वेळा उमटवतो, त्यामुळे वळताना भिंती अगदी बारीकशा अडखळतात. तरुण डोळ्यांना हे कदाचित अधिक खुपेल. मला ते आता फक्त शोधले तरच सापडते.

डॉसबॉक्सबद्दल माझी पहिली तक्रार मात्र माझ्या नातवाने नोंदवली. गणेश चवथीला आला असता त्याने मागे उभे राहून थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "आजोबा, ह्या राजपुत्राची मान एवढी आखूड का?" मुलाचे बरोबर होते. त्या काळचे खेळ ३२० बाय २०० ठिपक्यांचे असत, पण मॉनिटर चारास तीन या प्रमाणाचा असल्यामुळे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा उंच उमटे. डॉसबॉक्सच्या ज्या आवृत्त्या बहुतेकांकडे आहेत, त्यांत हे प्रमाण आपोआप सांभाळले जात नाही; कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये ‘अस्पेक्ट’ या ओळीपुढे ‘ट्रू’ असे लिहावे लागते. तेवढे केल्यावर राजपुत्र पुन्हा पूर्वीसारखा सडपातळ झाला. ज्यांना नव्या पडद्यावर जुना खेळ कुठेतरी चुकल्यासारखा वाटतो, त्यांनी आधी ही एक ओळ तपासावी.

दुसरी अडचण बटणांची. लॅपटॉपवरची बाणांची बटणे अर्ध्या उंचीची आणि दाटीवाटीची असतात. धावता धावता लांब उडी मारायला उजवा आणि वरचा बाण एकत्र लागतात आणि साठीनंतरच्या बोटांना ती जागा अपुरी पडते. शिवाय लागोपाठ पाच वेळा शिफ्ट दाबले की विंडोज स्टिकी कीजची खिडकी मध्येच उघडते, आणि तलवारीचे पाच वार सलग करण्याची वेळ तर नेमकी जिवावरच्या प्रसंगी येते. ही सोय सेटिंगमधून कायमची बंद करता येते. मी पूर्ण आकाराचा स्वतंत्र कीबोर्ड जोडला आहे आणि त्याशिवाय डॉसबॉक्स घेऊ नये असे मी सुचवीन.

वेगाच्या बाबतीत मात्र जुने यंत्र मागे पडते, आणि याचे अनेकांना आश्चर्य वाटते. १९८० च्या दशकाच्या आरंभीचे कित्येक खेळ पहिल्या आयबीएम पीसीच्या ४.७७ मेगाहर्ट्झच्या चालीवर बेतलेले होते; त्यांना स्वतःचे घड्याळच नव्हते. ६६ मेगाहर्ट्झच्या फोर-एटी-सिक्सवर टर्बोचे (वेग कमी-जास्त करण्याचे) बटण सोडून वेग उतरवला तरी ते खेळ हाताबाहेर पळत. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ-११ दाबत गेले की यंत्र मंद होत जाते, कंट्रोल आणि एफ-१२ ने पुन्हा वेगवान होते. सर्वांत जुने खेळ मी ३०० सायकलच्या (डॉसबॉक्समधल्या वेगाच्या मापाच्या) आसपास आणून ठेवतो आणि तेथे ते मला आठवतात तसेच चालतात. डेंजरस डेव्ह, प्रिन्स आणि डूम हे तीन खेळ एकाच संध्याकाळी आपापल्या चालीने खेळता येणे हे जुन्या एका यंत्रावर मला कधी जमले नव्हते.

आवाजात जुने यंत्र उजवे आहे. पत्र्याच्या पेटीतल्या छोट्या स्पीकरचा तो किरटा सूर लॅपटॉपमधून तसा येत नाही. विजेच्या बाबतीत लॅपटॉप उजवा आहे, कारण गडगडाट सुरू झाला की आमच्याकडे वीज जाते, आणि मॉनिटरसकट जुना संगणक माझ्या यूपीएसवर जेमतेम काही मिनिटे तग धरत असे. प्रिन्समध्ये तिसऱ्या लेव्हलपासून पुढेच खेळ जतन करता येतो, हे माहीत असलेल्यांना त्या काही मिनिटांची किंमत कळेल.

इथपर्यंत पाहता पारडे समसमान वाटेल, आणि २०२१ च्या ऑगस्टपर्यंत माझेही मत तसेच होते. त्या महिन्यात माझ्या फोर-एटी-सिक्सची हार्ड डिस्क फिरायची थांबली. दुसरी जुनी डिस्क मिळवून बसवली आणि सगळे खेळ पुन्हा चढवण्यासाठी फ्लॉपींचा डबा काढला. त्या साडेतीन इंची फ्लॉपी मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवत असे आणि दर वर्षी पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीचे, सामान भरताना त्या पुड्याही बदलत असे. त्या वर्षी ते राहून गेले. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पापडच काय, कपाटातले कागदही सादळतात. फ्लॉपीच्या आत चकतीला पुसत राहणारे कापडासारखे अस्तर असते. ते ओल धरून ठेवते आणि चकतीवरच्या लेपावर बुरशी वाढते.

पहिली फ्लॉपी सिव्हिलायझेशन या खेळाची घातली. ड्राइव्हमधून खरवडल्यासारखा आवाज आला आणि पडद्यावर ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल?’ हे आपल्या पिढीला पाठ असलेले वाक्य उमटले. ती गेली असे समजून मी दुसरी घातली. तिचेही तेच झाले. तिसरी घातली ती प्रिन्सची, जिच्या लेबलावर त्या ज्येष्ठ सहकाऱ्याचे अक्षर होते. ते आता हयात नाहीत. ती निम्मी वाचली गेली आणि थांबली. तेव्हा कुठे मी पत्र्याची झडप सरकवून चकती पाहिली. तपकिरी पृष्ठभागावर एक स्वच्छ गोल ओरखडा होता, आणि बुरशीचा एकही ठिपका नव्हता. बुरशी पहिल्या फ्लॉपीवर होती. तिचा मळ ड्राइव्हच्या हेडला (चकती वाचणाऱ्या भागाला) चिकटला, आणि त्या मळलेल्या हेडने पुढच्या दोन चांगल्या फ्लॉपी खरवडून काढल्या. एका फ्लॉपीचा रोग दुसरीला यंत्रानेच लावला होता आणि यंत्र मीच चालवत होतो.

नंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, डब्यातल्या बावीस फ्लॉपी एकेक करून उजेडात फिरवून पाहिल्या, आणि नऊंवर पांढरे ठिपके सापडले. प्रिन्स मला साखळी गावच्या एका मित्राच्या फ्लॉपीवरून परत मिळाला, म्हणजे खेळाचे नुकसान काहीच झाले नाही. तरीही त्या दिवसानंतर फोर-एटी-सिक्स सुरू करताना मनात एक भीती राहू लागली, आणि ज्या गोष्टीचा आनंद घ्यायचा तिच्याकडे भीत भीत जावे लागणे मला फार जड गेले. डॉसबॉक्सकडे मी वळलो ते या एका कारणाने.

जाणकार म्हणतील की फ्लॉपी आणि जुनी हार्ड डिस्क दोन्ही टाळता येतात, कारण कॉम्पॅक्टफ्लॅश हे मेमरी कार्ड साध्या जोडणीने हार्ड डिस्कच्या जुन्या आयडीई केबलला लागते आणि संगणकाला ते हार्ड डिस्कच वाटते. हे खरे आहे आणि स्वस्तही आहे. त्या काळच्या अनेक बायोसना (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामना) ५०४ मेगाबाइटच्या पलीकडचे दिसत नाही, पण आपल्या खेळांना तेवढी जागा भरपूर होते. पुण्यात किंवा देशावरच्या इतर कोरड्या गावांत राहणाऱ्यांनी हा मार्ग अवश्य विचारात घ्यावा. मीही तेथे असतो तर बहुधा तोच घेतला असता. इकडे मात्र कार्डाने डिस्कची काळजी मिटते, बाकीच्या यंत्राची मिटत नाही. आठवड्यातून दोनदा मॉनिटर तासभर तापवून ओल घालवावी लागते, कार्डांचे कनेक्टर पुसावे लागतात, आणि काचेचा मॉनिटर उघडून दुरुस्त करणारा माणूस म्हापशातही मला आता सापडत नाही. मॉनिटर घरी उघडण्याचा प्रयत्न तर कोणी करू नये, कारण वायर काढल्यानंतरही त्याच्या नळीत धोकादायक दाबाची वीज साठलेली असते.

ज्यांना कॉन्फिगरेशनच्या फाइलींशी झटायचे नाही, त्यांच्यासाठी जीओजीसारख्या दुकानांतून विकत मिळणारे जुने खेळ सोयीचे आहेत; त्यांतील बरेच डॉसबॉक्ससह आधीच जुळवून येतात. इंटरनेट आर्काइव्हवर ब्राउझरमध्येही शेकडो खेळ उघडतात, पण जतन केलेला खेळ तेथे माझा टिकला नाही आणि पावसात नेटचा भरवसा धरता येत नाही, म्हणून ती सोय मी एखादा विसरलेला खेळ चाखून पाहण्यापुरती वापरतो.

माझा कल एव्हाना लक्षात आला असेल. आता माझे सर्व खेळ एका फोल्डरमध्ये आहेत, त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर आहेत, आणि जुलैतल्या संध्याकाळी खिडकीशी बसून मी निर्धास्तपणे राजपुत्राच्या तळघरात उतरतो. फोर-एटी-सिक्स मी मोडीत दिलेले नाही आणि इतरांनीही घाईने देऊ नये. साडेतीन इंची फ्लॉपी यूएसबीवर चालणाऱ्या ड्राइव्हने लॅपटॉपवर वाचता येतात, परंतु सव्वापाच इंचींसाठी तसा साधा ड्राइव्ह मिळत नाही. त्या ज्यांच्याकडे असतील त्यांना एकदा तरी जुन्या यंत्राची गरज पडेल. हे काम पावसाळ्याआधी, हवा कोरडी असताना करावे. प्रत्येक फ्लॉपी आधी उजेडात पाहावी, स्वच्छ दिसणाऱ्या सर्व फ्लॉपींची नक्कल पूर्ण करावी, आणि जिच्यावर पांढरा ठिपका दिसेल ती ड्राइव्हमध्ये सर्वांत शेवटी घालावी.