एक्स्टर्नल डीव्हीडी रायटर, दिवाळीपासून वापरतोय: ड्राइव्ह चांगला, केबलने जीव खाल्ला

कोर्टासमोर टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे पेनड्राइव्हच्या जमान्यातही आमच्याकडे सीडी-डीव्हीडीचं काम चालूच असतं. सीसीटीव्ही फुटेज नाहीतर कॉल रेकॉर्डिंग असतं, वकीलसाहेब फाइल पाठवतात, एक कॉपी कोर्टाला, एक समोरच्या पार्टीला, एक आपल्या ब्रीफला, आणि आरोपी जास्त असले की तेवढ्या अजून.

स्पेक्स सगळ्यांना माहितीयेत, मी केबलवरच बोलणार. वीतभर केबल आणि ती ड्राइव्हला फिक्स, काढताच येत नाही! टेबलाखालच्या कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला पोचत नाही, म्हणून पुढच्या पोर्टला लावायची. मग डिस्क शेवटापर्यंत मस्त जाते आणि फायनलाइज होताना, म्हणजे शेवटी डिस्क बंद होताना, यूएसबी तुटल्याचा आवाज, की डिस्क कचऱ्यात. डीव्हीडी-आर आहे, पुन्हा लिहिता येत नाही.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणे डिस्क लोकल असतील. महागातल्या आणल्या, तरी तेच. परत गेलो तर त्यांच्या लॅपटॉपवर एक सीडी मारून दाखवली आणि कागदावर ‘फॉल्ट नाही’ लिहून ड्राइव्ह हातात दिला. डिस्कचे पैसे कोण देणार, यावर सगळे गप्प.

शेवटी मीच दुकानातल्या जुन्या लॅपटॉपला लावून बघितला, एकही डिस्क वाया गेली नाही. तेव्हा कळलं, यूएसबी 2.0 चा पोर्ट नियमाने 500 मिलिअँपिअर देतो, राइट करताना असा स्लिम ड्राइव्ह त्याहून जास्त ओढतो, आणि पुढच्या पोर्टला तर करंट आतल्या बारीक वायरीतून येतो. अडॅप्टरवाला यूएसबी हब घेतला, तेव्हापासून एकदाही तुटला नाही. पण बॉक्समध्ये मीटरभर वेगळी केबल दिली असती तर मागच्या पोर्टला लावून तरी बघता आलं असतं, हबचा खर्च माझ्या खिशातून का?

आता ड्राइव्हबद्दल मत पार बदललंय. इमेजबर्न या डिस्क लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये फोल्डरची आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) एकदाच बनवतो, राइट मोडमध्ये कॉपीज 4, स्पीड 4एक्स, व्हेरिफाय (लिहिलेलं परत वाचून तपासणं) टिक. एक झाली की ट्रे बाहेर येतो, नवीन डिस्क लावून ट्रे हाताने आत ढकलायचा, बस. भरलेली डीव्हीडी साधारण पंधरा मिनिटं घेते, व्हेरिफायचा वेळ वेगळा. घाई असली तरी व्हेरिफाय काढू नका, कारण 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय, त्यातल्या कलम 63 च्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या सर्टिफिकेटमध्ये हॅश (फाइलवरून काढलेला आकडा, फाइल जरा बदलली तरी तो बदलतो) लिहावा लागतो, आणि समोरच्या वकिलाने डिस्कवरच्या फाइलचा हॅश काढला आणि जुळला नाही तर अशिलाचं नुकसान आहे हो. मी प्रत्येक डिस्कवरच्या फाइलचा एसएचए-256 हॅश काढून मूळ फाइलशी ताडतो, या ड्राइव्हच्या डिस्कचा अजून तरी एकदाही चुकला नाही. स्टिकर मात्र लावू नका, डिस्क फिरताना बॅलन्स जातो, मार्करने लिहा.

लॅपटॉप असेल तर बिनधास्त घ्या. डेस्कटॉपवाल्यांनी दुकानातच बॉक्स उघडायला लावा, केबल सुटत नसेल तर दुसरं मॉडेल मागा.