'डार्क ऑलिंपस'सोबत आठ महिने: सहा पुस्तकं वाचून झाल्यावर

गेल्या जूनमध्ये केटी रॉबर्ट यांच्या 'डार्क ऑलिंपस' या ग्रीक पुराणकथांवर बेतलेल्या इंग्रजी प्रणयकादंबऱ्यांच्या मालिकेतलं पहिलं पुस्तक, 'निऑन गॉड्स', वाचायला घेतलं. मालिकेतलं सहावं, 'मिडनाइट रुइन', फेब्रुवारीत संपलं. मधे दोनदा मालिका बाजूला पडली आणि पहिलं पुस्तक एकदा पुन्हा वाचून झालं. वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलं असतं तर नुसतं 'अफलातून' एवढंच लिहिलं असतं. आता काय टिकलं आणि काय विरून गेलं ते सांगता येईल.

आधी एक स्पष्ट सांगते. ही पुस्तकं प्रौढांसाठी आहेत. शरीरसंबंधांची वर्णनं मोकळी आणि भरपूर आहेत, हिंसाही आहे. घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला ग्रीक पुराणकथांची आवड आहे म्हणून हे पुस्तक तिच्या हातात देऊ नका.

ऑलिंपस हे इथे आजच्या काळातलं शहर आहे. उंच इमारती, पार्ट्या, फोटोग्राफर आणि गॉसिप साईट्सचं. स्टिक्स नदी शहराच्या मधून वाहते, वरचं शहर एका बाजूला आणि खालचं दुसऱ्या बाजूला. सत्ता 'द थर्टीन' म्हणजे तेरा जणांच्या हातात आहे. यातली मला सर्वांत आवडलेली कल्पना अशी की झ्यूस, डिमिटर, अ‍ॅरीस ही ग्रीक देवांची नावं इथे माणसांची नाहीत, पदांची आहेत. झ्यूस, हेडीस आणि पोसायडन ही तीन पदं वारशानं मिळतात. हेरा व्हायचं तर झ्यूसशी लग्न करावं लागतं. अ‍ॅरीस व्हायला स्पर्धा जिंकावी लागते. एकदा पद मिळालं की माणसाचं आधीचं नाव मागे पडतं. पदासाठी माणूस काय काय विकायला काढतो, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक पुस्तकात आपोआप येतो, वेगळा ओढून आणावा लागत नाही.

'निऑन गॉड्स'ची सुरुवात एका पार्टीत होते. डिमिटरनं आपली मुलगी पर्सेफनी झ्यूसला द्यायचं ठरवलंय आणि ते मुलीला सगळ्यांच्या देखत कळतं. झ्यूसच्या आधीच्या बायकांच्या मृत्यूबद्दल शहरात कुजबुज आहे. पर्सेफनी त्याच रात्री पळते, पूल ओलांडून खालच्या शहरात जाते आणि तिथे तिला हेडीस भेटतो. वरच्या शहराच्या लेखी हेडीस नावाचं कुणी उरलेलंच नसतं. पुढे दोघांचा करार होतो. तिला पंचविसावा वाढदिवस होईपर्यंत आसरा हवाय, त्याला झ्यूसवर सूड उगवायचाय.

पहिल्या वाचनात मी फक्त प्रेमकथेमागे धावले. मग जुलैत डिमिटरचं होमरिक स्तोत्र, म्हणजे या देवीवरचं, होमरच्या नावानं ओळखलं जाणारं प्राचीन काव्य, इंग्रजी अनुवादात वाचलं. मूळ ग्रीक काव्य पाचशेच्या आसपास ओळींचं आहे, एका बैठकीत होतं. त्यानंतर कादंबरी पुन्हा उघडली तेव्हा ती वेगळीच दिसायला लागली.

स्तोत्रात मुलगी फुलं तोडतेय. नार्सिससचं एक अद्भुत फूल तिला भुलवायला मुद्दाम उगवलेलं आहे. जमीन दुभंगते आणि पाताळाचा राजा हेडीस तिला रथात घालून नेतो. बाप झ्यूसनं हे आधीच मान्य केलेलं असतं. आईला विचारलेलं नसतं, मुलीला तर नाहीच. धान्याची देवी डिमिटर देवांचं घर सोडून एल्युसिस गावी जाऊन बसते आणि जमिनीतलं बी उगवूच देत नाही. माणसं उपाशी मरणार, माणसं मेली की देवांना नैवेद्य कोण दाखवणार? झ्यूस एकामागून एक देव भेटवस्तू घेऊन पाठवतो. ती ऐकत नाही. शेवटी त्यालाच नमावं लागतं. डाळिंबाचा दाणा खाल्लेला असल्यामुळे मुलगी वर्षाचा तिसरा हिस्सा खाली आणि बाकीचा वर, आईजवळ, अशी तडजोड ठरते. राजकारण या गोष्टीत आजच्या लेखकांनी घुसवलेलं नाही, ते तिथे पहिल्यापासून होतं.

कादंबरीनं यातला पळवून नेण्याचा भाग उलटा केलाय. पर्सेफनी स्वतःच्या पायांनी पूल ओलांडते आणि अटी स्वतःच्या तोंडानं मांडते. आईला मी ही गोष्ट सांगितली (अर्थात गाळून) तेव्हा ती लगेच म्हणाली, "मग ही रुक्मिणी झाली की गं!" आईनं लग्नाआधी एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'चं पारायण केलं होतं. तिचं म्हणणं मला पटलं. रुक्मीनं बहिणीचं लग्न शिशुपालाशी ठरवलं ते राजकारण म्हणूनच, आणि रुक्मिणीनं कृष्णाला निरोप धाडला तोही सगळं जोखून. हरण दिसायला तेच, पण बोलावणं कुणाचं होतं त्यावर सगळी गोष्ट फिरते. डार्क रोमान्सला, म्हणजे हिंसेच्या आणि अंधाऱ्या वळणांच्या प्रणयकथांना, सरसकट नाकं मुरडणाऱ्यांनी हा भाग तरी वाचावा. इथे हेडीसच्या अंगात अंधार आहे, पण तो पावलोपावली विचारतो आणि तिच्या 'नाही'ला किंमत आहे.

एक गोष्ट मात्र मला आठ महिन्यांनंतरही सलते. स्तोत्रातली आई मुलीसाठी सगळं जग उपाशी ठेवते. कादंबरीतली आई मुलीला सौद्यात घालते. शहराचा अन्नपुरवठा तिच्याच हातात आहे, म्हणजे मूळ कथेतलं शस्त्र तिच्याकडे आहे, पण ते हातात धरायला लावणारं दुःख काढून घेतलंय. डिमिटर चतुर राजकारणी म्हणून उत्तम उतरली आहे. पण तिचा आक्रोश मला हवा होता.

दुसरं पुस्तक, 'इलेक्ट्रिक आयडॉल', हे माझ्या मते मालिकेतलं सर्वांत नेटकं. अफ्रोडाइटीला डिमिटरच्या दुसऱ्या मुलीचं, सायकीचं, काळीज हवंय आणि ते आणायचं काम तिच्या मुलावर, इरॉसवर येतं. तो सायकीला वाचवायला तिच्याशी लग्न करतो. मग दोघं हे लग्न सगळ्या शहराच्या नजरेसमोर मिरवतात, कारण सगळ्यांचं लक्ष असलेल्या मुलीला गुपचूप संपवता येत नाही. प्रेमाचं नाटक आणि जीव वाचवण्याची चाल एकच असल्यामुळे प्रणयाच्या प्रसंगातही पोटात गोळा येतो.

'विकेड ब्यूटी'त अ‍ॅरीसपदाच्या स्पर्धेत जिंकणाऱ्याला हेलनचा हात मिळणार, असं ठरतं. अट घातलेलं स्वयंवर आपल्याला नवीन नाही. पण इथे हेलन स्वतःच स्पर्धेत नाव देते! ते प्रकरण मी रात्री दीडला वाचलं आणि उठून बसले. अकिलीस आणि पॅट्रोक्लस यांच्याशी जुळणारं तिचं त्रिकूट मात्र मला घाईचं वाटलं. स्पर्धेचे दिवस मोजके आणि तेवढ्यात तिघांचा विश्वास बसायचा, हे पचायला जड जातं.

चौथं 'रेडियंट सिन' कसांड्राचं. तिची भविष्यवाणी खरी असूनही कुणी मानत नाही हा मूळ पुराणकथेतला शाप इथे बदनाम घराण्याच्या मुलीची गोष्ट होऊन येतो, आणि तो बदल शोभतो. याच सुमाराला बाहेरून आलेला मायनॉस शहरात शिरतो आणि तेरापैकी एकाला मारणाऱ्याला त्याचं पद मिळतं, हे जुनं कलम वर येतं. इथून राजकारण मोठं होतं आणि माझी तक्रारही इथूनच सुरू होते. पाचव्या 'क्रूएल सिडक्शन'मध्ये कट, खून, युती इतकं चाललंय की शहरात राहणारी साधी माणसं कुठेच दिसत नाहीत. शहराभोवती अडसर आहे, बाहेर जाणं अवघड आहे, पण बाहेरचं जग कसं आहे ते धूसरच राहतं. सत्तेच्या खेळात भाजी महाग झाली का, पूल बंद झाला का, हे मला कळायला हवं होतं. मी मालिका दोनदा बाजूला ठेवली ती याच टप्प्यावर.

'मिडनाइट रुइन'नं परत आणलं. ही युरिडिसी, ऑर्फियस आणि कॅरॉन यांची गोष्ट. मूळ कथेत ऑर्फियस मेलेल्या बायकोला, युरिडिसीला, पाताळातून परत आणताना मागे वळून पाहतो आणि तिला कायमची गमावतो. इथे त्यानं पहिल्याच पुस्तकात तिचा विश्वासघात केलाय, आणि आता त्याला माफी मिळवायची आहे. माफी स्वस्तात मिळत नाही, हे मला फार भावलं.

भाषा सोपी आहे. कथा नायिका-नायक आळीपाळीनं सांगतात, त्यामुळे इंग्रजी कादंबऱ्यांची सवय नसलेल्यांनाही अडणार नाही. क्रमानं वाचा, मधूनच सुरू केलंत तर कोण कुणाचा वैरी हे लागत नाही. दोन पुस्तकांच्या मधे थोडा वेळ जाऊ द्या, सलग वाचली की प्रणयाचे प्रसंग एकमेकांत मिसळतात. शक्य असेल तर आधी ते स्तोत्र वाचा.

सातवं एरियाडनी आणि मिनोटॉरचं आहे, ते आणून ठेवलंय. परवा आईनं विचारलं, "त्या मुलीची आई परत कधी भेटते गं तिला?" मी तिला कादंबरीतलं सांगितलं नाही. स्तोत्रातलं सांगितलं. मुलगी रथातून उडी मारते, धावत येऊन आईच्या गळ्यात पडते, आणि आई पहिला प्रश्न विचारते, "तिथे काही खाल्लंस का?"