स्ट्रॅटफर्डला जाताय? घरं कमी बघा, शाळा आणि चर्च सोडू नका

सरळ सांगतो, शेक्सपिअरच्या गावात एकच दिवस असेल तर सगळी घरं बघायच्या नादाला लागू नका, पैसे तर जातातच आणि तिसऱ्या घरापर्यंत सगळ्या चुली, पलंग, लाकडी तुळया एकसारख्या दिसायला लागतात. आम्ही बर्मिंगहॅमच्या मूर स्ट्रीटवरून ट्रेन पकडली, तासाभराचा प्रवास. लंडनच्या मेरिलबोनहून येणार असाल तर दोन तासांच्या वर धरा. सोबत आईबाबा होते, बाबा जुने नाटकवेडे.

हेन्ली स्ट्रीटवरचं जन्मघर मात्र बघावंच लागतं, ते सोडून आलो तर घरी काय सांगणार. वडील जॉन हातमोजे बनवायचे त्यामुळे खाली चामड्याचं कामाचं दुकान मांडलंय. सामान बहुतेक नंतर आणून लावलेलं आहे पण माहिती सांगणारी माणसं जुन्या वेषात असतात आणि जीव लावून बोलतात. १८४७ ला हे घर लिलावात निघालं तेव्हा बार्नम नावाचा सर्कसवाला ते उचलून अमेरिकेला न्यायच्या विचारात होता म्हणे, मग लोकांनी वर्गणी काढून ३,००० पौंडांना घेतलं. वरच्या खोलीतली खिडकीची जुनी काच बघा, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटसारख्या मोठमोठ्या लोकांनी त्यावर आपली नावं कोरलीत. आपण किल्ल्यांवर बदाम कोरणाऱ्यांना शिव्या घालतो आणि इथे ती काच कौतुकाने जपलीय 😄 मागच्या बागेत नट मंडळी असतात, फर्माईश केली की एखादा प्रवेश करून दाखवतात. आणि तिथेच रवींद्रनाथ टागोरांचा अर्धपुतळा! बाबा तिथून हलेचनात.

न्यू प्लेस म्हणजे त्याने १५९७ ला घेतलेलं मोठं घर, जिथे तो वारला. पण घर आहे कुठे? पुढे तिथे राहणाऱ्या गॅस्ट्रेल नावाच्या पाद्र्याला बघायला येणाऱ्या लोकांचा वैताग आला, आधी शेक्सपिअरने लावलं म्हणतात ते तुतीचं झाड तोडलं आणि १७५९ ला घरच पाडून टाकलं. आता बाग आहे, छान आहे, पण वेळ कमी असेल तर पहिली काट याच्यावर मारा.

खरा पैसा वसूल चर्च स्ट्रीटवरच्या शाळेत, शेक्सपिअर इथेच शिकला असं मानतात. तिकीट वेगळं काढावं लागतं म्हणून बरेच जण टाळतात, टाळू नका. पंधराव्या शतकातली इमारत, वर वर्ग, खाली गावच्या कारभाऱ्यांचा हॉल. जॉन १५६८ ला बेलिफ झाला, म्हणजे आपला नगराध्यक्षच समजा, आणि त्याच्याच काळात फिरत्या नाटक कंपन्यांना गावच्या तिजोरीतून बिदागी दिल्याची नोंद आहे. खेळ याच हॉलमध्ये व्हायचे, पोरगा तेव्हा चार-पाच वर्षांचा, त्याने पहिलं नाटक इथेच बघितलं असणार असं मानतात. अंगावर काटाच आला हो. शेजारच्या गिल्ड चॅपल या छोट्या चर्चमधली भित्तिचित्रं चुना फासून झाकायचा खर्चही याच जॉनच्या हिशेबात आहे, गंमत बघा. जिने आहेत, गुडघेदुखीवाल्यांना सावकाश न्या.

होली ट्रिनिटी चर्च नदीकाठी आहे. शेक्सपिअरच्या कबरीजवळ जायला देणगी मागतात, द्या. दगडावर नावच नाही, नुसत्या चार ओळी, माझी हाडं हलवशील तर शाप लागेल अशा अर्थाच्या. आजतागायत तिथेच आहे म्हणजे लोक घाबरले असावेत. २६ एप्रिल १५६४ च्या बाप्तिस्म्याची नोंद आणि दफनाची नोंद, दोन्ही याच चर्चच्या वहीतल्या, त्यांच्या प्रती बघायला मिळतात.

बायकोचं, म्हणजे अ‍ॅन हॅथवेचं माहेर शॉटरीला, गावापासून दीडेक किलोमीटर. गवताने शाकारलेलं घर, बाग सुंदर, पण उन्हाळ्यातच जा.

खाण्याचं फार कौतुक नाही, आम्ही पुतळ्यांच्या बागेत थालीपीठं खाल्ली, हॅम्लेट हातात कवटी घेऊन शेजारीच. राजहंसांपासून डबा सांभाळा.

आणि संध्याकाळी रॉयल शेक्सपिअर कंपनीचं नाटक बघाच. जुनं थिएटर १९२६ ला जळलं, १९३२ ला नवीन झालं, २०१० ला आतून पार बदललं, आता प्रेक्षक तिन्ही बाजूंनी बसतात. बाबांना अर्धं इंग्रजी कळलं नाही तरी मध्यंतरात चहासुद्धा नको म्हणाले. तिकीट आधी काढा, परतीच्या शेवटच्या ट्रेनची वेळ बघून ठेवा, आणि कुठलं घर त्या दिवशी उघडं आहे तेही, सगळी वर्षभर चालू नसतात. ४ स्टार, एक न्यू प्लेसचा कापला.