सेकंडहँड फुल-फ्रेम घेताना लेन्सवरची अक्षरं वाचा

सोलापुरात जुना कॅमेरा घ्यायच्या विचारात असाल, त्यातही बेसिक मॉडेल सोडून फुल-फ्रेमवर, म्हणजे मोठा सेन्सर (फोटो टिपणारा भाग) असलेल्या कॅमेऱ्यावर जाणार असाल, तर हे वाचा.

माझ्याकडे निकॉनचा डी३४०० होता. बारशा-साखरपुड्याच्या ऑर्डरी त्यावर निघायच्या. पण गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांची रात्रीची मिरवणूक टिपायची तर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) चढवावा लागायचा आणि फोटोत दाणे यायचे. शहरातला एक विक्रेता निकॉनचाच जुना फुल-फ्रेम डी७५० लेन्ससकट ६२,००० रुपयांना देत होता. ‘प्रोफेशनल बॉडी आहे ओ, तुमच्या बेसिकसारखी नाही.’ हे मात्र खरं बोलला. डी७५० चा सेन्सर क्षेत्रफळाने दुपटीहून मोठा, फोकसचे बिंदू ११ च्या जागी ५१, दोन कार्डं बसतात.

गोम लेन्समध्ये होती. लावलेली १८-५५ बेसिक कॅमेऱ्याच्या किटमधली. अशा लेन्सवर ‘डीएक्स’, म्हणजे लहान सेन्सरसाठीची, असं लिहिलेलं असतं आणि ती लावली की डी७५० आपोआप सेन्सरचा मधला तुकडाच वापरतो. व्ह्यूफाइंडरमध्ये तेव्हा एक चौकट दिसते. मला दिसली होती, विचारलंही. ‘ती फोकसची हो!’ इतक्या सहज सांगितलं की पुढे काय विचारणार? घेऊन टाकला.

उलगडा केला अल्बमवाल्याने. ‘फाइली एवढ्या लहान का ओ?’ उघडून बघितलं तर ३९३६ बाय २६२४, म्हणजे दहा मेगापिक्सेलच्या आसपास. माझा जुना डी३४०० ६००० बाय ४००० देत होता! अंधारात जो फायदा मिळावा म्हणून पैसे ओतले, तोही मोठा सेन्सर पूर्ण वापरला तरच मिळतो.

मग बाकीचंही तपासलं. विकताना त्याने फाइलचा नंबर दाखवला होता, दोन हजारांच्या घरातला. ‘एवढेच फोटो काढलेत, नवाच समजा.’ तो नंबर ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतो, शिवाय मेन्यूतून पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतो. शटर किती वेळा चाललं त्याचा खरा आकडा निकॉनच्या जेपीईजी फाइलच्या एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठवलेल्या माहितीत) असतो, तो वाचून देणाऱ्या फुकट वेबसाइट आहेत. माझा निघाला सव्वा लाखाच्या पुढे. या मॉडेलच्या शटरची कंपनीने केलेली चाचणी दीड लाख क्लिकची. त्यापुढेही शटर चालू शकतं, पण मग किंमत ‘नव्या’ची कशी?

परत गेलो तर साहेबांचा सूर बदललेला. ‘बघूनच घेतला की ओ तुम्ही.’

तेव्हा आपलं कार्ड घेऊन जा, त्यात फोटो काढा, घरी येऊन फाइलची लांबी-रुंदी आणि शटरचा आकडा बघा, मगच पैसे द्या. बिलावर बॉडी आणि लेन्स दोन्हींचे सिरियल नंबर लिहून घ्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही. पण पुरावा लागतो, आणि माझ्याकडच्या चिठ्ठीवर एवढंच आहे: ‘कॅमेरा, १ नग, रोख’.